अळीव उगवलं तर खत खरं

(दृश्य: जुळे सोलापुरातली एक गच्ची. सकाळचे सात. कुंड्यांची रांग.)

सकाळचे सात वाजलेत आणि पायाखालचा कोबा आत्ताच कोमट झालाय. दुपारी इथं अनवाणी उभं राहता येत नाही. एप्रिल सरत आला की सोलापूरचा पारा 42-43 पर्यंत चढतो. नळाला रोज पाणी येत नाही. अशा गच्चीवर झाड जगवायचं, तर सगळी भिस्त कुंडीत काय भरलंय त्यावर.

आपली काळी माती शेतात सोनं आहे. मंगळवेढ्याची ज्वारी तिच्याच ओलीवर पोसते. कुंडीत मात्र ती त्रास देते. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेनं बोटभर फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाला, आणि मुळं कोरडीच. तिला भुसभुशीत ठेवायला आणि पाणी धरून ठेवायला चांगलं कुजलेलं खत लागतं. ‘चांगलं कुजलेलं’ या दोन शब्दांत सगळं आलं.

(दृश्य: होटगी रोडवरची एक रोपवाटिका. शेणखताची पोती.)

"काका, शेणखत किती महिन्यांचं आहे?"

"सहा महिन्यांचं आहे ताई. हात घालून बघा की."

बघायचंच. कोपरापर्यंत हात आत घालायचा. मध्यभागी ऊब लागली, तर कुजणं अजून चालू आहे. मूठभर काढून नाकाशी न्यायचं. वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास आला तर ठीक. डोळ्यांत चुरचुरणारा, गोठ्यासारखा वास आला, तर ते पोतं तिथंच ठेवायचं.

हे मी टोमॅटोची बारा रोपं घालवून शिकले. मागच्या वर्षी एका दुकानातून पिशवीबंद खत आणलं. दिसायला काळंभोर. रोपं लावली, आठवड्यात खालची पानं पिवळी पडली, मग शेंडे करपले. मी पाणी वाढवत राहिले. शेवटी एक रोप उपटलं, तर मुळांची टोकं तपकिरी, जळाल्यासारखी. खत कच्चं होतं. कच्च्या शेणातला अमोनिया कोवळी मुळं भाजतो. अर्धवट कुजलेला पालापाचोळा वेगळ्या वाटेनं मारतो. तो कुजवणारे जिवाणू कुंडीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. शिवाय कच्च्या शेणखतातून हुमणीची अळी आणि हराळी घरात येते ती वेगळीच.

(दृश्य: काचेचा पेला, पाणी. चिमटीतून खत पडतं.)

रंगावर जाऊ नका. ओली काळी माती आणि ओलं कंपोस्ट पिशवीत सारखंच दिसतं. आपल्या गावात तर फारच सारखं. पेलाभर पाण्यात चमचाभर खत टाका, ढवळा, दहा मिनिटं थांबा. तळाशी जाड गाळ बसला, तर पैसे मातीचे दिलेत. पिशवी आकाराच्या मानानं जड लागली, तरी हाच संशय धरा.

मुठीत दाबूनही बघा. गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, अंगठ्यानं टिचकी मारली की गोळा फुटावा. पाणी निथळलं, तर तुम्ही पाणी विकत घेताय. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टसाठी, म्हणजे शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी, 15 ते 25 टक्के ओलावा आणि 20 पेक्षा कमी कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब, ते) सांगितलेलं आहे. पिशवीवर हे आकडे छापलेत का, एवढं तरी वाचा. आणि हवाबंद, घामेजलेली गांडूळखताची पिशवी उन्हात ठेवलेली दिसली, तर पुढच्या दुकानात जा. त्यातला जीव गुदमरलेला असतो.

धनगरांकडून लेंडीखत मिळालं तर सोडू नका. फक्त ते तेज असतं. मुरवून, मग मूठ-मूठ घाला. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणाल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, त्यात क्षार असतात, आणि बोअरच्या पाण्यानं आपल्याकडे त्यात भरच पडते.

(दृश्य: तीन पणत्या, ओलसर. वर लालसर बिया.)

आता माझी आवडती परीक्षा. बाळंतिणीच्या लाडवांतलं अळीव घरात असतंच. एका पणतीत नुसती माती, दुसऱ्या दोन पणत्यांत दोन वेगवेगळ्या पोत्यांतलं खत, निम्मी माती मिसळून. प्रत्येकीत वीस बिया. पाणी शिंपडलं की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत काचेसारखं आवरण धरतं. सावलीत ठेवायचं, ओल मोडू द्यायची नाही.

चौथा दिवस. मातीत अठरा उगवलेत. पहिल्या पोत्याच्या पणतीत सतरा, ताठ, हिरवेगार. दुसऱ्या पोत्याच्या पणतीत सहा, आणि त्यांचीही मुळं वर वळलेली.

पहिलं पोतं आज कुंड्यांत जाईल. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, थोडी जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या खतानं कुंडी भरत नाही मी. ते महिन्याभरात खाली बसतं आणि मुळं उघडी पडतात.

दुसरं पोतं जिन्याखालच्या सावलीत रिकामं केलंय. ढीग ओला केला, गोणपाट झाकलं. दर रविवारी खालीवर करायचं. दोन महिन्यांनी, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा वीस बिया पेरायच्या.