इतर अधिकारातली एक ओळ

(दृश्य: पैठण रस्ता. कपाशीची शेतं, मधूनच रुंद, मोकळे रस्ते आणि दिव्यांचे खांब.)

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की वाटेत बिडकीन लागतं. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतलं ऑरिक शहर इथे उभं राहतंय. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकर. ही जमीन शेतकऱ्यांची होती. सरकारने ती संपादित केली, आता प्लॉट पाडून भाडेपट्ट्याने कंपन्यांना दिली जाते. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी इथल्या प्रकल्पासाठी करार केला.

कारखाने यावेत, पोरांना पुण्याची वाट धरावी लागू नये, असं मराठवाड्यात कुणाला वाटत नाही? आम्हालाही वाटतं. पण ज्याचं घर त्या नकाशात येतं, त्याला आधी विचारलं जातं का, हा आमचा सवाल आहे.

(दृश्य: सातबाऱ्याचा उतारा, जवळून.)

हा सातबारा. यात ‘इतर अधिकार’ नावाचा रकाना असतो. एरवी तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, फार तर विहिरीतला हिस्सा. एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या कायद्यातल्या कलम 32(2) ची, संपादनाआधी म्हणणं मागवणारी नोटीस निघाली की तिथे एक ओळ वाढते. लोक म्हणतात, शिक्का पडला. मग गिऱ्हाईक फिरकत नाही, बँक कर्जाला कां-कूं करते. पोराच्या लग्नाआधी दोन खोल्या काढायच्या असतील, तर घरातलंच कुणीतरी म्हणतं, कशाला, उद्या पाडणारच आहेत. जमीन अजून तुमच्याच नावावर असते, पण घरातले निर्णय तिथेच थांबतात.

घराचं दुखणं आणखी वेगळं. कुटुंब वाढलं की गावठाण पुरत नाही, एक भाऊ शेतात राहायला जातो. तिथे घर बांधतो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद करतो, घरपट्टी भरतो. जमीन मात्र एनए, म्हणजे बिगरशेती, नसते. संयुक्त मोजणीची माणसं येतात, तेव्हा पंचनाम्यात काय लिहिलं जातं यावर सगळं अवलंबून असतं. विटांच्या दोन खोल्यांचं ‘पत्र्याचं शेड’ झालं, की मावेजाही, म्हणजे भरपाईही, शेडचीच. चुलीमागची मोरी, गोठा, बोअर, दारातली चिंच, जे कागदावर आलं नाही त्याचा पैसा नाही. घरातल्या बाईला प्रत्येक वस्तू तोंडपाठ असते. पण पंचनाम्यावर सही मागतात ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची, आणि तिचं नाव बहुतेक वेळा तिथे नसतं.

(दृश्य: नाथसागर.)

या भागाला विस्थापन नवं नाही. 1965 साली जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, आणि कित्येक गावं पाण्याखाली गेली. तो घाव खोल होता, त्याचे हिशेब आजही पुरते चुकते झालेले नाहीत. तरी धरणाचं पाणी शेकडो गावांच्या शेतात जाणार होतं. आता एका घरवाल्याची जागा दुसऱ्या खासगी मालकाच्या हातात जाते, आणि त्यालाही सार्वजनिक हितच म्हणतात.

2013 चा भूसंपादन कायदा या बाबतीत स्पष्ट होता: खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के लोकांची संमती हवी. महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीत एमआयडीसीचं संपादन या अटीबाहेरच ठेवलं. मावेजा वाढला, पण नाही म्हणायचा अधिकार गेला. आमच्या मते हा सौदा चुकीचा आहे.

असाच लढा अमेरिकेतल्या न्यू लंडन शहरात सुसेट केलो या नर्सने दिला. शहराला तिची वस्ती हटवून तिथे खासगी विकास आणायचा होता. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती पाच विरुद्ध चार मतांनी हरली. ज्या फायझर कंपनीच्या भरवशावर हा बेत आखला होता, तिनेच 2009 मध्ये शहर सोडण्याचं जाहीर केलं. घरं गेली, आणि ती जागा पुढे कित्येक वर्षं ओसाड पडून राहिली.

आपल्याकडे मालमत्तेचा हक्क 1978 च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, पण कलम 300-अ शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसता मावेजा दिला म्हणजे संपादन वैध होत नाही. आधी नोटीस हवी, म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, कारणांसह निर्णय दिला पाहिजे, आणि हेतू सार्वजनिकच हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निकाल दिला. तो खटला मुंबईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी ताब्यात घेण्याच्या तरतुदीवरून, घरमालकांनीच उभा केला होता.

(दृश्य: तहसील कार्यालयाबाहेरची गर्दी.)

बिडकीनसारखीच नोटीस उद्या जालन्यात येईल, लातूरला येईल. ती हातात पडली की मुदत मोजायला लागा. हरकत लेखी द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या, सुनावणीला स्वतः हजर राहा. पंचनाम्याच्या दिवशी घरातल्या बाईला पुढे उभं करा, प्रत्येक खोली, प्रत्येक झाड लिहून घ्या, आणि नक्कल हातात आल्याशिवाय सही करू नका. कलम 32(1) ची अधिसूचना राजपत्रात आली की कलम 32(4) प्रमाणे जमीन सरकारजमा होते. त्यानंतर लढा उरतो तो बहुतेक वेळा पैशाचा.