साक्ष आणि मजुरी

अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब आणि जालना परिसरातील मंडळ्यांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

दैनंदिन जीवनात ख्रिस्ताच्या शिष्यत्वात वाढ कशी व्हावी, हा आजचा विषय आहे. प्रार्थना, वचनवाचन आणि मंडळीची संगती या तिन्हींवर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे व ती मी पूर्ण करणारच आहे. मात्र प्रभूने आपले जीवन कसे बदलले हे सांगण्याच्या, म्हणजे साक्षीच्या, सभांविषयीची एक जुनी तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आपल्याकडे साक्षीला उभा राहणारा माणूस बहुधा फार मागची गोष्ट सांगतो. दारू सुटून त्याला वीस वर्षे झालेली असतात आणि तीच साक्ष दर नाताळात नव्याने होते. ती खोटी असते, असे माझे म्हणणे नाही. दारू सुटणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईला विचारावे. पण गेल्या आठवड्यात काय घडले, हे कोणी सांगत नाही. एका गावी असाच एक बागायतदार बंधू डोळे पुसत साक्ष देत असताना मागच्या सतरंजीवरून एका बाईचा दबका आवाज आला, “वेचणीचे पैसे दिले का गं यानं?” आपण हसलात, बरे झाले; त्या सभेत मात्र कोणीही हसले नाही.

कापसाच्या वेचणीचा हिशेब आपल्यापैकी अनेकांनी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. दिवस मावळताना बांधावरच्या बाभळीला काटा टांगतात, बाई गाठोडे अडकवते, काटा अजून हलत असतानाच मालक आकडा पुकारतो, वर ‘माल दवाचा आहे’ म्हणून किलोभर वजा करतो आणि पैसे बाजाराच्या दिवशी देऊ म्हणतो. बाजार येतो, पैसे अर्धेच येतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय 19 मध्ये आहे. ‘बाजाराच्या दिवशी’ ही सवलत मला तरी तेथे सापडली नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने साक्ष दिली ती हिशेबासकट: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडले असेल तर चौपट परत. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे प्रभूचे शब्द त्यानंतर येतात.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींचे नाव जालन्यात नव्याने सांगायला नको. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने आपल्या भागात येऊन बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हा नव्या ख्रिस्ती कुटुंबांच्या उपासनेबरोबर त्यांच्या शेतीभातीची आणि उद्योगाचीही चिंता वाहिली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदे आपण तबला-पेटीवर फार गोड म्हणतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, त्याला मात्र अद्याप कोणी चाल लावलेली दिसत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा कबूल केलेले तीन मुद्दे घाईनेच मांडतो. प्रार्थनेपुरते मत्तय 5 पुरेसे आहे: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करून यावे. बांधाच्या वादात तारखा चालू असलेल्या भावांनी हा भाग घरी मोठ्याने वाचावा. वचनवाचनाचा मुद्दाही त्यातच आला.

संगतीविषयी एवढेच, की नाताळात आपली मंदिरे सजतात तेव्हा बीड-जालन्याकडील कितीतरी घरांतले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, साखर कारखान्यावर असतात. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असल्याने त्यांना मुकादमाला विचारल्याशिवाय फड सोडता येत नाही. मंडळीच्या हजेरीपटावर मात्र ती कुटुंबे ‘अनियमित’ ठरतात. यंदा तरुण संघाने नाताळफेरीतला एक दिवस त्यांच्या पालांवर घालवावा, पाळकसाहेबांनी प्रभुभोजन तेथे नेता येईल का ते पाहावे, आणि जाण्याचा खर्च ज्यांच्या शेतात यंदा कापूस वेचला गेला त्यांनी, वेचणीचे पैसे चुकते केल्यानंतर, उचलावा.