दुर्बीण गच्चीसाठी नको, लोकलसाठी घ्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आकाशाचे फोटो काढण्यासाठी पहिली छोटी दुर्बीण’. त्यावर येतोच. पण आधी मला गच्चीबद्दल बोलू द्या. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी गच्ची डोळ्यांसमोर ठेवूनच दुर्बीण ठरवली असणार, आणि गणित फसतं ते तिथेच.

आमच्या गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरींकडे. मी रीतसर अर्ज दिला, कारण लिहिलं ‘आकाशनिरीक्षण’. उत्तर मिळालं ते लिफ्टमध्ये, तोंडी. “समोरच्या विंगने हरकत घेतली तर?” म्हटलं, काका, मला देवयानी दीर्घिका बघायचीय, पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे ती. “असेल हो. पण तुमची दुर्बीण जवळचंही दाखवते ना?” यावर काय बोलणार? मग प्रकरण गेलं सर्वसाधारण सभेत. पार्किंग झालं, गळती झाली, चहा झाला आणि ‘ऐनवेळच्या विषयांत’ माझी दुर्बीण आली. एकांचं म्हणणं, नवीन वॉटरप्रूफिंगला ट्रायपॉडचे पाय टोचतील. दुसऱ्यांचं, गच्चीवर कुरडया वाळत असतात. म्हटलं, रात्री? तर म्हणे, “तत्त्वाचा प्रश्न आहे.” (हसा, हसा. तुमच्याकडेही सभा होतच असेल.) शेवटी ठराव झाला: रात्री दहापर्यंत परवानगी, वॉचमनच्या उपस्थितीत.

एवढं करून मिळालं काय? मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. आणि आमच्या बरोबर उत्तरेला पुनर्विकासाचा टॉवर! माउंटची, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधाराची, पोलर अलाइनमेंट (त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) ज्या ताऱ्यावर करायची, तो कुणाच्या तरी मास्टर बेडरूमच्या मागे. शिवाय खाली टर्फचे फ्लडलाइट. गुरू दिसतो, शनी दिसतो, चंद्र तर फार सुंदर. पण देवयानीवर कॅमेरा लावला की मिनिटभरात फोटोभर नुसता उजेड साचतो.

विजेपायी आपल्या शहरातून निरीक्षणं बाहेर जाण्याची परंपराही जुनी आहे म्हणा. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालायची. ट्राम विजेवर धावणार असं ठरलं आणि मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. त्या लोकांनी ट्राम सुरू व्हायच्या आधीच गाशा गुंडाळला. आपण टॉवर झाल्यावरही गच्चीसाठी अर्ज करत बसतो. तर आपणही अंधार शोधत लोकलने बाहेर जायचं: कर्जत लाइनवरचं वांगणी, नेरळ, जमलं तर त्याच्याही पलीकडे...

हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं? बरं, पळतो.

जी दुर्बीण पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून लोकलमध्ये चढता येते, तीच पहिली घ्या. म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाची, ३६० मिलिमीटर फोकल लेंग्थची (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर), भिंगांची नळी. दोन-अडीच किलोंत काम होतं. “किती पट मोठं दिसतं?” हा प्रश्न दुकानात विचारूच नका, इथे आयपीस (डोळा लावायचं भिंग) लागतच नाही, कॅमेरा लागतो. एपीएस-सी कॅमेऱ्यात, म्हणजे साध्या डीएसएलआरमधल्या मध्यम आकाराच्या सेन्सरवर, ही नळी आडवं पावणेचार अंश आकाश घेते. देवयानी तीन अंशांची, बरोबर मावते. मोठी दुर्बीण घेतलीत तर तिचा नुसता मध्य मिळेल.

काच ईडी हवी, म्हणजे रंग कमी फाकवणारी. साध्या ॲक्रोमॅटमध्ये, म्हणजे साध्या काचेच्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत, लाल आणि निळा एकत्र येतात, पण जांभळा बाहेरच राहतो. डोळ्यांना ते चालतं, कॅमेरा मात्र प्रत्येक तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळं वलय काढतो. तीन भिंगांची घ्यायची तर घ्या, पण जड आणि महाग. सुरुवातीला ईडीची दोन भिंगं पुष्कळ झाली. फोकसर (फोकस जुळवायची चकती) दोन वेगांचा, जाड आणि बारीक, आणि कॅमेरा लटकवल्यावर न घसरणारा. दुकानातच कॅमेरा लावून, नळी उभी धरून बघा. फ्लॅटनर, म्हणजे कडांपर्यंत फोकस सारखा ठेवणारं जोडभिंग, त्याच वेळी घ्या, नाहीतर कोपऱ्यातले तारे स्वल्पविरामासारखे येतात. सेन्सरपासून त्याचं अंतर बहुधा ५५ मिलिमीटर असतं, पण सोबतचा कागद वाचा.

आणि खरे पैसे माउंटवर घाला! पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते (एका अंशात ३,६०० विकला). या नळीवर साध्या डीएसएलआरमध्ये तारा सेकंदाला सात-एक पिक्सेल सरकतो. माउंट हलका पण ट्रॅकिंग करणारा हवा, आणि बजेट कमी पडलं तर नळीत काटकसर करा.

फिल्टर? कुणीतरी विचारलं. ड्युअल-बँडवाला गच्चीवरून मृगातल्या तेजोमेघाला उपयोगी पडतो, हायड्रोजन-ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा आत घेतो. दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यांना त्याचा फारसा फायदा नाही. थंडीत वांगणीला भिंगावर दव पडतं, हीटरची पट्टी आणि पॉवर बँक न्या. आणि जून ते सप्टेंबर नळी कपाटात नुसती ठेवू नका, आपल्या हवेत भिंगांना बुरशी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी पडले की बदला. हो, उठतोच आहे, हॉलवाले दिवे घालवताहेत.