लिव्हर सोडल्यावर तेल जातं कुठं?

(पडद्यावर बाभळीचा ओंडका. पाचर शिरते. पहिले दहा सेकंद फक्त आवाज.)

ओंडका बाभळीचा, आणि गाठ नेमकी मधोमध. कुऱ्हाडीच्या जमान्यात असल्या ओंडक्याला लोखंडी पाचर, घण आणि दोन गडी लागायचे. तरी गाठीपाशी पाचर अडकायची ती अडकायचीच. इथं तेलाच्या दाबानं लाकूड फोडणारं यंत्र आहे. माणूस एकच आहे, आणि त्याचा एक हात लिव्हरवर आहे.

(गाठ पिळवटून सुटते. आवाज तसाच राहू द्यावा.)

भुदरगड तालुक्यातली ही लाकडाची वखार. गारगोटीकडं जाताना ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या जसजशा वाढल्या, तसं फोडलेल्या जळणाला गिऱ्हाईक वाढलं. लग्नसराईत आचाऱ्यांचे टेंपो सकाळीच दारात लागतात. फोडणारे गडी मात्र मिळेनात. म्हणून वखारवाल्या काकांनी गावातल्याच मिस्त्रींना गाठलं, आणि मिस्त्रींनी हे यंत्र उभं केलं.

गर्डर मोडीतला. पाचर जाड प्लेट कापून, धार लावून केलेली. मोटर दहा एचपीची, मिनिटाला १४४० फेरे. गिअर पंप एका फेऱ्याला १६ सीसी तेल ढकलतो, म्हणजे मिनिटाला साधारण २३ लिटर. जॅक चार इंची म्हणतात तो: १०० मिलिमीटर बोअर, म्हणजे आतला व्यास, ५० मिलिमीटरचा रॉड, चाल अर्धा मीटर. बोअरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला १६० किलोचा दाब धरला तर साडेबारा टन जोर. एवढ्यात आंबा, सुबाभूळ, नीलगिरी सगळं फुटतं.

हे सगळं पंधरा दिवसांत जमलं. पुढं घोडं अडलं ते तेलाची वाट ठरवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी.

(उद्यमनगर. लेथ, ठिणग्या, ओतीव कामाचा ढीग.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. या गल्ल्यांमधून चालताना एक लक्षात येतं, की इथं कुणी ‘हे होत नाही’ म्हणत नाही. ‘नमुना आणा’ म्हणतात. पण व्हॉल्व्हचा नमुना आणायचा कुठून? मिस्त्रींनी आधी मोडीचं दुकान गाठलं. स्वस्तात मिळेल ते घ्यायचं आणि बसवून बघायचं, ही आपल्याकडची जुनी खोड.

पहिला व्हॉल्व्ह निघाला डंपिंग ट्रॉलीचा.

(ट्रॉली वर उचलली जाते. माती घरंगळते. ट्रॉली खाली येते.)

ही ट्रॉली बघा. वर जायला तेल लागतं. खाली यायला मात्र ट्रॉलीचं स्वतःचं वजन पुरतं, म्हणून तिच्या जॅकला तेलाची वाट एकच. तो व्हॉल्व्ह वखारीतल्या आडव्या जॅकला लावला.

(मोबाइलचं चित्रण. हे काकांच्या पुतण्यानं टिपलंय, म्हणून हलतंय.)

जॅक पुढं गेला, ओंडका फुटला, टाळ्या पडल्या. आणि जॅक तिथंच बसला. आडव्या जॅकला माघारी ढकलायला वजन कुठलं? शेवटी तेल सोडून चौघांनी कांबीनं रेटा दिला. मिस्त्री मागून म्हणताहेत ते ऐका: “पुढं जाणारा वॉल मिळाला, माघारी येणारा न्हाई मिळाला.”

दुसरा व्हॉल्व्ह एका मोडीत निघालेल्या हायड्रॉलिक प्रेसचा. तेलाला दोन वाटा, पुढं-मागं दोन्ही चाली. बसवला, चालला. मोटरचा आवाज मात्र काही केल्या उतरेना. फोडायला लाकूड नाही, कुणाचा हात लिव्हरवर नाही, तरी मोटर ओझं वाहिल्यासारखी कण्हत होती. दहा-बारा मिनिटांत तेलाच्या टाकीला हात लावता येईना.

(मिस्त्री खडूनं फरशीवर तीन चौकोन काढतात. हा प्रसंग अखंड ठेवावा.)

आता मिस्त्री जे काढताहेत ते बऱ्याच व्हॉल्व्हच्या पट्टीवर छापलेलं असतं, आणि घेताना आपण नेमकं तेच बघत नाही. तीन चौकोन, शेजारी शेजारी. डावा म्हणजे जॅक पुढं, उजवा म्हणजे जॅक मागं. बाणांवरून ते कुणालाही कळतं. खरी गोम मधल्या चौकोनात. लिव्हर सोडली, स्प्रिंगनं ती मधे आली, तेव्हा तेल कुठं जाणार, ते तिथं लिहिलेलं असतं.

प्रेसच्या व्हॉल्व्हचा मधला चौकोन बघा. पंप, टाकी आणि जॅककडची दोन, अशा चारही तोंडांवर आडव्या रेघा. चारही बंद. गिअर पंपाला हे चालत नाही. तो फिरतोय तोवर दर फेऱ्याला १६ सीसी ढकलणारच, पुढं दार उघडं असो वा नसो. मग तेल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब हद्दीवर गेला की उघडणारं दार, उचलून पूर्ण दाबानं टाकीत पडतं. २३ लिटर, १६० किलो दाब: सहा किलोवॅटची उष्णता. घरच्या न्हाणीतले दोन-दोन किलोवॅटचे तीन गीझर तेलात सोडल्यासारखं. जिथं पंप स्वतःहून आपला प्रवाह कमी करू शकतो, तिथं असा बंद मधल्या घराचा व्हॉल्व्ह शोभतो. इथं नाही.

आता मिस्त्री शेजारी दुसरी आकृती काढताहेत. जॅककडं जाणारी दोन तोंडं बंद, म्हणजे जॅक आहे तिथं थांबणार. आणि खाली पंपापासून टाकीपर्यंत सरळ एक रेघ. लिव्हर सोडली की तेल टाकीत. दाब नाही, ताप नाही.

“ही एक रेघ असली की बास,” मिस्त्री म्हणतात. “टनाचं सगळी इचारत्यात. मधल्या घराचं कोण इचारत न्हाई.”

(हॅक्सॉ. लोखंडाचा कीस. बिघडलेला व्हॉल्व्ह उभा कापला जातो.)

हा आमच्या विनंतीवरून कापलेला. आतला स्पूल, म्हणजे तेलाची वाट बदलणारी दांडी, जाम झालेला होता, तेव्हा तसाही मोडीतच जाणार होता. बाहेरून बीडाचा ठोकळा. आत ही चकचकीत दांडी. तिला ठिकठिकाणी खाचा. दांडी बोटभरही सरकत नाही, पण तेवढ्यात एक खाच एका वाटेसमोरून दुसऱ्या वाटेसमोर येते. दांडी आणि भोक यांच्यात रबर नाही, वॉशर नाही. दोन्ही इतकी नेमकी घासलेली, की मधली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. टोकाच्या ओ-रिंगा फक्त तेल बाहेर येऊ नये म्हणून.

आणि हे बघा, खाचेत. पांढरा धागा. टेफ्लॉन टेप. कुणीतरी नळजोडणीसारखी सढळ हातानं गुंडाळली, तिचा तुकडा तुटून तेलाबरोबर आत आला. एवढ्यानं स्पूल अडकतो. वखारीत तर भुसाही उडतो, म्हणून परतीच्या वाटेवर फिल्टर.

(नवा व्हॉल्व्ह खोक्यातून निघतो.)

तिसऱ्या खेपेला मात्र मोड नाही. हा मुद्दाम लाकूड फोडायच्या यंत्रासाठीच घडवलेला. चार तोंडं, लिव्हरच्या तीन जागा, मधलं घर उघडं, अंगातच रिलीफ. त्याचं वेगळेपण लिव्हरच्या शेपटीकडच्या या टोपणात आहे. लिव्हर पुढं ढकलली तर हात लावून धरावी लागते. सोडली की स्प्रिंग तिला मधे आणते. मागं ओढली तर मात्र ती अडकून बसते. जॅक आपला आपण माघारी येतो, टोकाला टेकतो, दाब चढतो आणि लिव्हर धरून ठेवणारा खटका सुटतो. तोवर गडी पुढचा ओंडका उचलतो. जॅकला पुढं जायला दहा सेकंद, मागं यायला आठही लागत नाहीत.

मागं येताना कमी वेळ का? रॉडच्या बाजूला तेलाला जागा कमी. पण गंमत अशी, की त्याच वेळी पलीकडच्या मोठ्या बाजूचं तेल बाहेर पडत असतं. पंप देतो २३ लिटर, परतीच्या वाटेनं जातं जवळजवळ एकतीस. रॉड ५० ऐवजी ७० चा असता तर तेच ४५ झालं असतं. म्हणून व्हॉल्व्हवरचा लिटरचा आकडा पंपाशी ताडून भागत नाही, परतीच्या तेलाशी ताडायचा.

(आट्यांचा जवळून फोटो. दोन फिटिंगा शेजारी शेजारी.)

एवढं करून एक खेप वाढलीच. व्हॉल्व्ह आला अमेरिकी एनपीटी आट्यांचा, आपल्याकडच्या फिटिंगा ब्रिटिश बीएसपी आट्यांच्या. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हीला इंचाला १४ आटेच. त्यामुळं सुरुवातीला फिटिंग अगदी लाडानं आत जाते. पण एकीच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसरीचा ५५. आवळा कितीही, तेल पाझरणारच. उद्यमनगरात एका लेथवाल्यानं दुपारभरात अडॅप्टर कातून दिले. नमुना होता ना हातात.

(गेज. काटा हळूहळू चढतो. मिस्त्रींचा हात पान्यावर.)

दाब असा बांधतात. रिलीफचा स्क्रू आधी जवळजवळ पूर्ण ढिला. जॅक टोकाला नेऊन तिथंच धरून ठेवायचा. मग स्क्रू जरा-जरा आवळत काट्याकडं बघायचं. साठ. शंभर. एकशेचाळीस. एकशेसाठ. नट घट्ट. मिस्त्रींनी या सगळ्यात एकदाही श्वास सोडलेला दिसत नाही.

परतीचा खटका वेगळा बांधायचा, रिलीफच्या बराच खाली. इथं तो शंभरला आहे. रिलीफच्या वर गेला तर तो सुटणारच नाही, रिलीफ किंचाळत राहील. फार खाली आणला तर थंडीच्या सकाळी ६८ नंबरचं तेल घट्ट असतं, तेवढ्या अडथळ्यानंच तो अर्ध्या वाटेत सुटतो. डिसेंबरात दोनदा सुटला. मग पाव फेरा वर.

मधल्या दिवसांत एका गड्यानं दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून लिव्हर पुढं ढकलून ट्यूबच्या पट्टीनं बांधली होती, त्यात त्याचं बोट गेलं. आता तो वखारीत वजनकाट्यावर बसतो. युरोपात ईएन ६०९-१ या मानकानुसार अशा यंत्राला दोन्ही हात गुंतवणारी रचना लागते. इथं लिव्हर एकच आहे.

(सकाळ. टेंपोचा फाळका पडतो. ओंडके, ढलप्या, धूर.)

काका ओंडका ठेवतात. लिव्हर पुढं. बाभूळ उलते. लिव्हर मागं, आणि हात सुटला. काका पुढच्या ओंडक्याकडं वळलेत, पाठ यंत्राकडं.

(लिव्हरचा जवळून शॉट. टक्.)

लिव्हर मधे आली. काटा खाली पडला. मोटर फिरतेय, आणि तेल टाकीतून टाकीत.