डोकं पांढरं, नाव तपकिरी

संध्याकाळचे चार वाजलेत. हर्णै बंदर. होड्या लागतायत, मासळीच्या पाट्या उतरतायत, लिलावाचा गलका वाढत चाललाय. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग.

होड्यांच्या पाठोपाठ आलेला हा पांढरा थवा कुरवांचा. आपण सगळ्यांना सरसकट 'सीगल' म्हणून मोकळे होतो. पण या एकाच थव्यात दोन जाती मिसळल्यात: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव.

आता डोकी पाहा. तपकिरी कुठाय? काळं तरी कुठाय? हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात. डोळ्यामागे तेवढा एक काळपट ठिपका उरतो. नावावर विसंबलात, की फसलात.

म्हणून डोकं सोडा, पंख बघा. हा आत्ता वरून गेला... चित्र इथेच थांबवू. पंखाचं टोक रुंद, काळंभोर, आणि त्या काळ्यात पांढरे ठळक ठिपके. हा तपकिरी डोक्याचा. आता त्याच्या मागचा. याच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र, आणि काळा रंग टोकाला फक्त बारीक काठाएवढा. हा काळ्या डोक्याचा.

धक्क्यावर बसलेल्या या पक्ष्याचा डोळा जवळून बघा. बाहुलीभोवती फिकट, पिवळसर पांढरं कडं. नजर कशी रोखलेली वाटते! चोच जाड, लाल, टोकाला काळी. हा तपकिरी डोक्याचा प्रौढ कुरव. काळ्या डोक्याच्याचे डोळे गडद, चण जरा लहान. कोवळ्या पक्ष्यांचे डोळे मात्र दोन्ही जातींत गडदच. तिथे पुन्हा पंखच बघायचे.

हाच तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाखमध्ये, त्सो कारसारख्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तलावांपाशी वीण घालतो. हिमालयापलीकडून आपल्या किनाऱ्यावर येणारा हा पाहुणा! गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमधून त्याला वेफर्स आणि गाठ्या टाकतात, ते बघवत नाही. कृपा करून टाकू नका. मासळी त्याची तो शोधतो.

शिमग्याच्या सुमारास पुन्हा याच बंदरावर या. पांढऱ्या डोक्यावर तपकिरी रंग चढू लागलेला असेल, अर्धवट, चट्ट्याचट्ट्यांनी. चेहरा पुरता रंगला, की मानेशी त्याची कड गडद दिसते. असा एखादा लिलावाच्या गर्दीवर घिरट्या घालताना दिसला, तर डोळे भरून बघून घ्या. त्याचे निघायचे दिवस आलेले असतात.