प्राग: न मागवलेला ग्लास

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण प्रागला जाऊ. तिथला किल्ला, चार्ल्स पूल, चौकातलं घड्याळ याबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल. मी तुम्हाला बिअर प्यायला नेतेय. तेही रीतसर, तिकीट काढून, गाइडबरोबर. घरात कोणी नाक मुरडत असेल तर मुरडू द्या. न पिणाऱ्यांनीही ऐकावं असं यात बरंच आहे. आमच्या गटात थेंबही न घेणारी एक बाई होती. ती पूर्ण वेळ कोफोला पीत बसली. कोफोला म्हणजे चेक लोकांचा स्वतःचा कोला, तोही तिथे नळातून मिळतो. आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिनेच विचारले.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. गाइडबरोबरची बिअर टूर वेगळी आणि रात्री टोळीने गोंधळ घालत बारमागून बार फिरणं वेगळं. त्याला पब क्रॉल म्हणतात. लग्नाआधीची शेवटची मजा म्हणून मुलं मित्रांसह परदेशातून स्वस्त विमानाने यायची आणि रात्रभर गल्ल्या डोक्यावर घ्यायची. रहिवासी वैतागले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्राग महापालिकेने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात असे आयोजित पब क्रॉल बंद केले. बरं केलं. आमची टूर दुपारी सुरू झाली. आठ-दहा माणसं, तीन ठिकाणं, छोटे ग्लास आणि हातात छत्री-झेंडा न घेतलेली एक चेक मुलगी. झेंड्यामागून चालणाऱ्या सहलींत मी जात नाही, तो माझा जुना हट्ट आहे.

पहिला मुक्काम कारलीन भागात, द्वा कोहोऊती नावाच्या ठिकाणी. अंगण, लाकडी बाकं आणि काचेपलीकडे चकाकणाऱ्या स्टीलच्या टाक्या. बिअर तिथेच बनते, तिथेच ओतली जाते. फळ्यावर आकडे असतात: १०, ११, १२. आपल्या माणसाला वाटतं, बारा टक्के दारू! छातीत धस्स होतं. तसं नाही. हा आकडा दारूचा नाही. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, जो गोड रस आंबवायला घेतात, त्यात किती अंश साखर नि इतर घटक विरघळलेत, त्याचा तो आकडा. दहा नंबरच्या बिअरमध्ये दारू साधारण चार टक्के, बारा नंबरच्या बिअरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास. परत सांगते, आकडा रसाचा, दारूचा नाही. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी प्रागमध्ये तुम्ही शहाणे ठराल.

इतिहास थोडक्यात आटपते. १८३८ साली प्लझेन गावच्या लोकांनी वाईट बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग गावाने नवी ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, उभारली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. त्याने १८४२ मध्ये जी सोनेरी, नितळ बिअर काढली, तिची नक्कल आज जगभर ‘पिल्सनर’ म्हणून विकली जाते. पुढे कम्युनिस्ट राजवटीत ब्रूअऱ्या सरकारच्या झाल्या. १९८९ नंतर छोट्या खाजगी ब्रूअऱ्या निघायला लागल्या, आज त्या देशात पाचशेच्या आसपास असतील. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, ती भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअऱ्यांपैकी एक. तेव्हा क्राफ्ट बिअर, म्हणजे अशा छोट्या ब्रूअरीतली बिअर, म्हणजे काय हे पुणेकरांना मी सांगायला नको. तसंही पुणेकरांना काही सांगायला जाऊ नये.

आता खरी गंमत. प्रागमध्ये बिअर बनवणाऱ्याइतकाच मान बिअर ओतणाऱ्याला. तिकडची म्हणच आहे की, ब्रूअरीवाला बिअर शिजवतो, पण ती घडवतो तो ओतणारा. ग्लास आधी थंड पाण्यात विसळतात, पुसत नाहीत. मग नळाचं तोंड ग्लासात बुडवून आधी फेस सोडतात, दाट, ओला, सायीसारखा. आणि त्या फेसाखाली बिअर भरतात. फेसाचं झाकण असलं की हवा लागत नाही, वास टिकतो, चव उतरत नाही. आपल्याकडे फेस दिसला की ग्राहक भांडतो, ‘अर्धा ग्लास हवाच दिलीस!’ तिकडे फेस नसेल तर भांडतो.

एकाच नळातून तीन तऱ्हा. ह्लादिंका म्हणजे नेहमीचा ग्लास, वर तीन बोटं फेस. श्निट म्हणजे मोठ्या ग्लासात थोडीच बिअर आणि भरपूर फेस, ज्याला आता आवरतं घ्यायचंय त्याच्यासाठी. आणि म्लीको, जवळजवळ नुसता फेस, गोडसर, एका दमात प्यायचा. तीन बोटं फेस ती ह्लादिंका. विचारायला लाजू नका.

दुसरा मुक्काम विनोह्राडी भागात, भिंतीवर नळांची रांग, आंबट बिअर, काळी बिअर, अमेरिकन धाटणीची कडू आयपीए. छान होतं. पण खरं सांगू? त्या तऱ्हेचे बार आज बर्लिनलाही आहेत आणि बंगळूरलाही. तिथे फार वेळ घालवू नका. तिथे खाल्लेलं नाक्लादानी हर्मेलिन मात्र विसरणार नाही. मऊ चीजचा गोळा, मध्ये चिरून लसूण-मिरची भरलेला आणि कांद्याबरोबर तेलात कित्येक दिवस मुरवलेला. सोबत काळसर पाव. शाकाहारी मंडळींनी बिनधास्त मागवा.

आता काकांची गोष्ट. ही सांगायला मिळावी म्हणूनच मी आजचा विषय घेतलाय, लपवत नाही.

काका साताऱ्याकडचे. एस.टी.च्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मुलगी-जावई प्रागला नोकरीला. जावयाने दोघांची तिकिटं काढली आणि ऐनवेळी स्वतः ऑफिसच्या कॉलमध्ये अडकला. मी घरी फोनवर बोलत होते ते ऐकून काका सरळ पुढ्यात आले. “ताई, तुम्ही आमच्याकडच्या का?” झालं, तिथून पुढे आम्ही एका टेबलाचे.

तिसरा मुक्काम झिझ्कोव्हमध्ये, जुन्या वस्तीतली एक होस्पोदा. होस्पोदा म्हणजे गल्लीतला गुत्ता आणि खाणावळ एकत्र. भिंतींना अर्ध्यापर्यंत लाकूड, वर पिवळसर रंग, भरपूर उजेड. एका टेबलावर चार आजोबा पत्ते कुटत होते, खाली एक कुत्रा झोपलेला. शेजारी एक आई, तिचा शाळकरी मुलगा तळलेलं चीज खातोय, वडील बिअर पितायत, कोणालाच त्याचं काही नाही. इथे मला आपल्या परमिट रूम आठवतात. १९४९ च्या कायद्याने आपल्याकडे प्यायला परवाना लागतो ते ठीक आहे हो, पण तिथे दिवे न लावण्याचा कायदा कोणी केला? दुपारी दोन वाजता भुयारात शिरल्यासारखा काळोख. बाईने आत पाऊल टाकायचं नाही, पुरुषाने चोरासारखं बाहेर पडायचं. उजेडात पिणारा माणूस जरा नीट वागतो असं माझं स्पष्ट मत आहे. असो. काका.

दारातच गाइडने नियम सांगितला. नीट ऐका, तुम्हालाही लागेल. बसलात की समोर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, म्हणजे कोस्टर. चकती ठेवली की वेटर समजतो, याला बिअर हवी. ग्लास रिकामा झाला की तो न विचारता दुसरा आणतो आणि टेबलावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. चकती खाली म्हणजे चालू, चकती वर म्हणजे पुरे. हे सगळं सांगताना काका रस्त्यावर उभे राहून काकूंना व्हिडिओ कॉलवर ट्राम दाखवत होते. त्यांनी एक अक्षर ऐकलं नाही. आणि मी सांगितलं नाही. मजा बघायची होती, खोटं कशाला बोलू!

वेटर अवाढव्य. पांढरा शर्ट, काळं जाकीट, कमरेला पैशांचं कातडी पाकीट, एका हातात पाच-सहा कानवाले ग्लास. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. पहिला ग्लास ठेवला, रेघ ओढली. काकांनी ग्लास संपवला. उष्टं टाकायचं नाही ही शिस्त साठ वर्षांची. ग्लास खाली ठेवतायत तोवर दुसरा हजर. काका खूश झाले. “आग्रह चांगला आहे हो यांचा.”

“आहे खरा,” मी म्हटलं.

दुसरा संपला, तिसरा आला. आता काका सावरून बसले. “पुरे,” म्हणाले मराठीत. मग “नो, नो, थँक्यू.” पण ग्लास टेबलावर आला होता आणि ताटात पडलेलं परत देत नाहीत. तोही गेला. मला हळूच विचारलं, “ताई, हे तिकिटातच धरलंय ना?” मी चिठ्ठीवरच्या रेघा दाखवल्या. हिशेब खात्यातला माणूस, रेघ बघताच चेहरा बदलला. “अहो, मी मागवलंच नाही! मागणीपत्रकाशिवाय माल येतोच कसा?”

तोवर चौथा आला.

आता काकांनी डाव टाकला. घोट घेईनात. वेटर लांब गेला की थोडं प्यायचं, जवळ आला की ग्लास हाताआड धरायचा. चार आजोबांनी पत्ते खाली ठेवले होते, ते आता काकांचा सामना बघत होते. शेवटी चौथाही तळाला गेला आणि नेमका त्याच वेळी वेटर पाचवा ग्लास घेऊन आमच्या टेबलाकडे निघाला. काकांना दुसरं काही सुचलं नाही. पंगतीत जिलबीचं ताट समोर आलं की माणूस करतो तेच त्यांनी केलं. दोन्ही पंजे रिकाम्या ग्लासावर आडवे धरले, वरून खांदे वाकवले आणि जोरात मान हलवली.

वेटर थबकला. बघत राहिला. हातातला ग्लास शेजारच्या टेबलावर ठेवला. मग वाकला, काकांच्या ग्लासाखालची चकती ओढून काढली, काकांचे पंजे अगदी अदबीने बाजूला केले आणि चकती ग्लासावर ठेवली. काकांकडे बघून मान डोलावली. आणि पहिल्यांदा हसला! पत्तेवाल्या आजोबांनी टेबलावर थापा मारल्या. काका म्हणाले, “एवढंच होतं होय? मग आधी बोलायचं की!” आणि माझ्याकडे असं बघितलं की, मी घाईघाईने हर्मेलिनचा तुकडा तोंडात टाकला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बिल द्यायची वेळ आली. वेटरने चिठ्ठीवरच्या रेघा मोजल्या, खाली आकडा लिहिला. काकांनी चिठ्ठी ओढून घेतली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. रेघा मोजल्या, फळ्यावरचा भाव बघितला, ओठांत गुणाकार केला, पुन्हा केला. “बरोबर आहे,” म्हणाले, जरा निराश होऊनच. मग खिशातलं पेन काढलं, बेरजेशेजारी बरोबरची खूण केली आणि खाली छोटी सही ठोकली. तारखेसकट! पैसे दिले. वेटर चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिला, मग ती काउंटरमागच्या माणसाला दाखवायला घेऊन गेला. तिथे दोघांची काहीतरी चर्चा झाली आणि चिठ्ठी पाकिटात न जाता नळाशेजारच्या खिळ्याला लागली. “ऑडिट झालं,” काका म्हणाले, आणि काकूंना फोन लावला.

तर मंडळी, जायचं असेल तर एवढं बघा. गट दहाच्या आतला घ्या. तिकिटात किती ग्लास धरलेत ते आधी विचारा, काकांसारखं नंतर नाही. गाडी भाड्याने घेतली असेल तर हॉटेलवरच ठेवा. त्या देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचं प्रमाण शून्य लागतं. शून्य म्हणजे शून्य, सायकललाही तोच नियम. ट्राम आहे, ट्रामने फिरा. ग्लासाला ग्लास लावताना ‘ना झ्द्रावी’ म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासाकडे नाही. चेक माणूस ते बारकाईने बघतो.

आणि जुन्या गावात गेलात तर ‘उ झ्लातेहो तिग्रा’ नावाची होस्पोदा शोधा. १९९४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी अमेरिकेच्या बिल क्लिंटनना तिथे नेलं होतं. पाहुण्या राष्ट्राध्यक्षाला मेजवानीच्या दालनाऐवजी गल्लीतल्या गुत्त्यात नेणारा यजमान मला तरी आवडतो. हावेल स्वतः सत्तरच्या दशकात काही महिने ब्रूअरीत पिंपं ढकलायचं काम करून आले होते, त्यांना त्यातलं कळत होतं. तिथे संध्याकाळी जागा मिळणं कठीण. दुपारी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहा, म्हणजे बसायला मिळेल.

पुढच्या भेटीत जेवणाकडे वळू. नमस्कार.