मोठे डोके, इवलेसे पाय

सुटे भाग जोडून छोटी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) शैलीतील बाहुली घडवायच्या संचात, म्हणजे किटमध्ये, पडद्यावर दिसणारी ही प्लास्टिकची चौकट असते; तिला रनर म्हणतात. वितळलेले पॉलिस्टायरीन धातूच्या साच्यात दाबाने भरले की चेहरा, केसांच्या बटा, हात, बूट असे सारे सुटे भाग या चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले बाहेर येतात. जपानमध्ये बांदाई कंपनीने १९८० साली गंडाम यंत्रमानवाचे पहिले किट विक्रीस आणले, तेव्हा भाग गोंदाने चिकटवावे लागत आणि रंगही घरीच द्यावा लागे. आजच्या ॲनिमे शैलीतील छोट्या किटमध्ये बहुतेक भाग त्या त्या रंगाच्या प्लास्टिकमध्येच घडवलेले असतात, डोळे बहुधा आधीच छापलेले असतात आणि जोडणी केवळ दाबून होते.

हाताचे कसब लागते ते भाग सोडवताना. निपरने, म्हणजे प्लास्टिक कापायच्या छोट्या पकडीने, पहिला छेद भागापासून थोडा दूर घ्यायचा, उरलेला खुंट दुसऱ्या छेदात काढायचा आणि राहिलेली खूण आधी ६००, मग १००० क्रमांकाच्या सँडपेपरने घासून घालवायची. एकाच दणक्यात कापल्यास प्लास्टिक ताणले जाऊन गडद केसांवर पांढरा डाग उमटतो, आणि चेहऱ्याशेजारचा डाग लपत नाही.

चिबी, म्हणजे मोठ्या डोक्याच्या आणि बुटक्या अंगाच्या, घडणीत डोके एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, कधी जवळजवळ निम्मेही असते. गोंडसपणा येतो तो त्यातूनच, आणि अडचणही तिथेच सुरू होते. लांब केसांचा भार मागे असला की बाहुली पाठीवर कलंडते, आखूड पायांत गुडघ्याला पुरेशी जागा मिळत नाही, आणि मान जराशी सैल पडली तरी दिलेली मुद्रा टिकत नाही. स्टँड लावणे म्हणजे फसवणूक, असे मानणारे काही हौशी असतात. त्यांनी एकदा अशी बाहुली एका पायावर उभी करून दाखवावी. बॉल जॉइंट सैल झाल्यास त्याच्या गोळ्यावर सुपरग्लूचा पातळ थर द्यावा, पण तो पूर्ण वाळल्यावरच गोळा खोबणीत बसवावा, अन्यथा सांधा कायमचा जखडतो.

शेवटी चेहरे. पुढचे केस काढून हसरा चेहरा अलगद ओढला की त्याच जागी रुसलेला बसवता येतो. मात्र तो पुरता आत सरकल्याशिवाय केस लावू नयेत, कारण कपाळावरची केसभर फटही कॅमेऱ्याच्या जवळच्या दृश्यात लगेच उठून दिसते.